पिठाच्या डब्यातले फोन

"फोनले पीठ लागून राहिलं," रत्नाकर साहेब माझ्या कानाशी पुटपुटले. डबा माझ्या घरचा, तेव्हा बोलणीही मलाच.

बैठकीआधी सगळ्यांचे फोन बंद करून स्टीलच्या डब्यात ठेवायचे, हा नियम मात्र त्यांचाच. नव्या इमारतीची दारंसुद्धा कंपनीच्या यंत्रावर उघडतात, म्हणून राज्य सरकारची तिघांची समिती बूढापारा मोहल्ल्यातल्या जुन्या कचेरीत बसायची आणि मी, त्यांची कारकून, हातानं टिपून घ्यायची. आमच्या घरी दिवेलागणीनंतर सापाला लांबडं म्हणतात, तशी ही शिकलेली माणसं कंपनीला 'ते' म्हणत.

दुकानदारी, नकाशे, फोन, सगळं त्या एकाच कंपनीच्या मुठीत. तिचे तुकडे करावेत की नुसता दंड लावावा, यावर दिल्लीनं राज्याचं मत मागवलं होतं. पहिल्या दिवशी तिघंही तुकड्यांच्या बाजूनं होते. मग साहेब दंडावर आले. काहून, ते कोणी विचारलं नाही. आज समितीतला सगळ्यात लहान विराजही खाली बघत सुनेत्रा मॅडमना म्हणाला, "दीदी, जुर्माना ही ठीक है."

एकाचंही वेगळं मत असलं तरी ते दिल्लीला जाणारच होतं. राहिल्या फक्त सुनेत्रा मॅडम. त्यांनी बोलायला तोंड उघडलं आणि डब्यात काहीतरी गुरगुरलं.

बंद फोन वाजत नाहीत. तरी साहेबांनी पंख्याकडे पाहिलं, विराजनं पेनाचं टोपण काढलं, लावलं. झाकण मॅडमनीच उघडलं.

त्यांच्या फोनच्या पडद्यावर त्यांचे यजमान, सुशील भाऊजी होते. खाली, याच कचेरीच्या फाटकाशी, मॅडमच्या पांढऱ्या गाडीला टेकून हसत उभे. भाऊजी कोरोनात गेले. गाडी यंदाच्या दिवाळीतली.

मॅडमनी फोनवरचं पीठ पदरानं पुसलं, फार हळू, जसं कोणाचं तोंड पुसावं. मग पालथा करून डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

"मंदाताई, लिहा. माझं मत, तुकडे करावेत."

माझाही फोन त्याच डब्यात होता. मी लिहिलं.

साहेब घसा खाकरून चहाचं विचारायला लागले. मॅडमनी त्यांना थांबवलं.

"माझा सुशील येते रोज, 'ते' धाडतात म्हणून," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे कोण येते, सर?"