शनीचे कान

दुर्बीण आपल्या हातून बिघडली असं क्रांतीला रविवारी संध्याकाळी वाटलं, आणि दुर्बिणीचे मालक रुद्राप्पा गुरुजी सोमवारी परत येणार होते.

गुरुजी शेजारचे. एक्क्याऐंशी वर्षांचे, हायस्कुलात विज्ञान शिकवून रिटायर झालेले, आणि दोन वर्षं "पिकू दे की अजून" म्हणत मोतीबिंदू टाळत आलेले. शेवटी लेक शांभवी त्यांना कोल्हापुरात घेऊन गेली आणि ऑपरेशन करूनच सोडलं. जाताना दुर्बिणीची पेटी त्यांनी क्रांतीकडे दिली. "तंगी, हिला जप. डोळा बरा झाला की पयला शनी बघणार." घर मूळचं निपाणीकडचं, त्यामुळं कानडीत धाकट्या बहिणीला म्हणावं तसं ते तिला तंगी म्हणायचे.

क्रांतीनं जपली, तिथंच घोटाळा झाला. हवा लागावी म्हणून तिनं पेटी उघडून ठेवली, त्याच दिवशी पलीकडच्या रानात कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं आणि काजळी भिंगावर येऊन बसली. क्रांती दूध संस्थेत दुधाची फॅट मोजते. काच ती काच, म्हणून फॅटच्या नळ्या धुवाव्यात तसं तिनं भिंग सोड्याच्या कोमट पाण्यानं धुतलं, मलमलीनं पुसलं. लख्ख झालं. मग गच्चीवर दुर्बीण मांडून तिनं शनी शोधला. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत गुरुजींनी दाखवलेला शनी कमरेला कडं घातलेल्या बाळासारखा होता. आता नुसता गोळा. पुन्हा पुसलं, पुन्हा पाहिलं. कडं नाही.

शनीचं कडं सोड्यानं निघत नाही एवढं तिला कळत होतं. भिंगाचं काय काय निघतं, ते कुठं ठाऊक होतं?

"शनीच्या वाटंला जाऊ नये मान्सानं," जेवताना तिचा नवरा आकाराम म्हणाला.

"तुमच्या वाटंला गेले तवापासनं सवय हाय," ती म्हणाली.

सोमवारी दिवेलागणीला गुरुजी काळा चष्मा खिशात घालून तिच्या गच्चीवर हजर. जिन्यात त्यांचा हात धरताना सांगून टाकायचं तिनं ठरवलं होतं, पण सांगायच्या आत जिना संपला. गुरुजींनी डोळा लावला. फोकसची चकती पुन्हा पुन्हा फिरवली.

"वा," ते म्हणाले. "कडं झकास दिसतंय."

क्रांतीनं घाईनं स्वतः पाहिलं. तोच बोडका गोळा. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनाही कधी खोटं न बोललेला माणूस आज खोटं बोलत होता. तिला उमगलं. गुरुजींना वाटत होतं, ऑपरेशन वाया गेलं.

आता ती गप्प बसली तर तिचा सोडा कुणालाच कळणार नव्हता.

"गुरुजी, कडं न्हाय तितं," ती म्हणाली. "मला बी कालपासनं दिसत न्हाय. मी भिंग सोड्यानं धुतलंय."

"तुलाबी दिसत न्हाय?"

"न्हाय."

"एवढंसंबी?"

"न्हाय म्हनते की."

गुरुजी पाण्याच्या टाकीला टेकून मटकन बसले. रडतायत की काय म्हणून ती वाकली, तर हसत होते. "मला वाटलं डोळा गेला, तंगी. पोरीनं एवढी धावपळ केली, तिला कुठल्या तोंडानं सांगू?"

"मग दुर्बीण गेली."

"थांब. चंद्र लाव."

चवथीची कोर पश्चिमेला उतरत होती. दोघांनी आळीपाळीनं पाहिलं आणि एकमेकांना खड्डे मोजून दाखवले. जुळले. भिंग ठीक, डोळाही ठीक.

"मग शनीला काय धाड भरली?" क्रांतीनं विचारलं.

गुरुजींनी कपाळावर हात मारला. "गॅलिलिओला बी हेच झालतं की. चारशे वर्षांमागं त्यानं शनी बघितला, तर दोन्ही अंगांना गोळे, कानासारखे. दोन वर्षांनी बघतोय तर कान गायब."

"त्यानं कशानं धुतलं होतं?"

"त्यालाबी तसलीच शंका आली असणार. आधीच चंद्रावर डोंगर हायत, गुरूभोवती चार चंद्र फिरत्यात, सगळं आभाळ काय आपल्याभोवती फिरत न्हाय, असलं सांगून लोकांचा वाईटपणा घेतलेला. त्यात हे. ते कान न्हाईत, चपटं कडं हाय, हे कळायला पुढं चाळीस-पन्नास वर्षं गेली. पंधराएक वर्षांनी त्याची नुसती कड आपल्याकडं येती, ती इतकी पातळ की दिसतच न्हाय. मागल्या बारीला शनी सूर्याच्या उजेडात बुडालेला, म्हनून बघायला गावलं न्हाय. जन्मभर पोरांना शिकवलं, आणि आज डोळ्यासमोर आलं तर वळखलं न्हाय बघ."

क्रांतीनं कठड्यावर ठेवलेल्या चहाच्या कपांखालची स्टीलची ताटली उचलून डोळ्यांसमोर आडवी धरली. ताटलीची एक रेघ उरली. किंचित कलवली, तशी ताटली परत आली.

"म्हंजे कडं येतंय परत."

"येतंय की. पुढल्या दिवाळीला दोघं बघू. सोडा तेवढा दूध संस्थेतच ठेव."

खालून शांभवीनं हाक मारली, "अप्पा, दिसलं का?"

"न्हाय दिसलं," गुरुजी मोठ्या आनंदानं ओरडले. "काय सुदिक न्हाय दिसलं."

जिन्यात धडधडत पावलं वर येऊ लागली. डोळा ठीक आहे हे तिला सांगायला क्रांती ताटली हातात घेऊनच धावली.