चितोसेच्या उजव्या हाताची बोटं

माणसाचा हात बघून त्याचा धंदा सांगायचा, ही माझी जुनी खोड. मी तातामी करतो, घरात अंथरायच्या जाड गवती चटया. चटई शिवताना दोरा कोपराने दाबून ताणावा लागतो, म्हणून माझ्या उजव्या कोपराला नारळाच्या करवंटीसारखा घट्टा आहे. शाळा मी कशीबशी उरकली, पुस्तकं काही वाचली नाहीत. हात मात्र वाचतो. आणि त्याच शहाणपणाने माझी पार फजिती केली, ती ऐका.

माझी नात चितोसे. इथल्या हायस्कुलात शिकते म्हणून माझ्याकडेच राहते. तिचा बाप, म्हणजे माझा पोरगा, ओसाकाला. त्याची एकदा नोकरी गेली होती, तर हा गडी सहा महिने रोज सकाळी टाय बांधून घराबाहेर पडायचा आणि दिवसभर जुगाराच्या यंत्रापुढे बसायचा. आम्हाला पत्ता नाही. तेव्हापासून खोट्याचा मला असा तिटकारा बसला, की पोरगी आली त्याच दिवशी तिला सांगून टाकलं, एक खोटं सापडलं की परत ओसाकाला. तिने मान हलवली. ओसाकाला तिला जायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ती गेली असती तर मी कुणाबरोबर जेवलो असतो?

एप्रिलात तिने शाळेच्या बँडमध्ये नाव घातलं आणि जुनी बेस गिटार घेऊन आली. चार जाड तारांचं, दाराच्या फळीएवढं जड धूड. मी म्हणलं, वाजव बाई. पण वरच्या खोलीतून आवाज म्हणून येईना. मी खाली सुई थांबवून कान द्यायचो. काही नाही.

मग एक दिवस जेवताना तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्टी दिसली. विचारलं तर म्हणाली, फोड आलेत, वाजवून. आमच्या गल्लीतला कुरामित्सु न्हावी तरुणपणी गिटार वाजवायचा, त्याला विचारलं. तो म्हणाला, घट्टे डाव्या हाताला पडतात, तारा डाव्या बोटांनी दाबतात ना. उजव्या हाताला काय होणार, त्यात नुसता प्लॅस्टिकचा तुकडा धरायचा असतो.

झालं. माझ्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. पुढे तिच्या डाव्या खांद्यावर गळ्यापाशी लाल वळ दिसला. असा वळ मी ओझं वाहणाऱ्यांच्या खांद्यावर पाहिलाय. मंगळवार-शुक्रवार उशिरा येते, बोटं सोललेली, खांद्यावर वळ, आणि घरात गिटार मुकी. पोरगी कुठेतरी खोकी उचलते आणि मला बँड सांगते. बापाचं रक्त, दुसरं काय.

विचारून उपयोग नव्हता. तिच्या बापाला मी तेव्हा फोनवर रोज विचारायचो, तो रोज "काम ठीक चाललंय" म्हणायचा. म्हणून मी सापळा लावायचं ठरवलं. नोव्हेंबरात तिचा सोळावा वाढदिवस होता.

स्टेशनजवळ मिझोबेबाईंचं वाद्यांचं दुकान आहे. बाई पन्नाशीची, केस पोरासारखे कापलेले. मी म्हणलं, नातीला भेट द्यायचीय, नवशिकी आहे, गिटारच्या तारा द्या. साध्या गिटारच्या, सहा तारांच्या. बेसचं नावच काढलं नाही. म्हणलं, खरी वाजवणारी असेल तर पाकीट उघडताच म्हणेल, आजोबा, या माझ्या नव्हेत. वाजवत नसेल तर तिला काय कळतंय.

बाईने दोनदा विचारलं, नक्की गिटारच ना, आजोबा? नवशिक्यांच्या तारा एवढ्यात बदलत नाहीत, दुसरं काही दाखवू का? मी म्हणलं, तुम्ही बांधा. ही बाई एवढं का खोदून विचारते, याचाही मला संशय आला. असा मी तेव्हा झालो होतो.

वाढदिवसाला सणाचा लाल भात केला, स्ट्रॉबेरीचा केक आणला. चितोसेने कागद न फाडता हळूच सोडवला, घडी घालून बाजूला ठेवला. पाकीट उलटंपालटं केलं. मी भाताकडे बघतोय असं दाखवत तिच्या तोंडाकडे बघत होतो. मग दोन्ही हातांनी पाकीट कपाळाशी नेलं आणि म्हणाली, "आजोबा, मला नेमकं हेच लागत होतं."

तोंडातला घास मी तेव्हा कुठे गिळला. सापडली.

तरी रंगेहाथ पकडायचं म्हणून दोन दिवस थांबलो. मंगळवारी दुकान लवकर बंद केलं आणि शाळेच्या फाटकासमोर शीतपेयाच्या यंत्राआड उभा राहिलो. सत्तर वर्षांचा माणूस, चोरासारखा. ती निघाली, पाठीवर ते धूड. खोकी उचलायला जाईल म्हणून मी मागे मागे गेलो, तर ती शिरली थेट मिझोबेबाईंच्या दुकानात. पाच मिनिटांनी खाली मान घालून बाहेर आली आणि घराकडे वळली. ती दिसेनाशी झाल्यावर मी आत घुसलो. ही मुलगी कशाला आली होती, म्हणलं.

बाईने मला ओळखलं. हाताची घडी घातली.

"म्हणजे नात ती तुमची. तुम्ही मला गिटार म्हणालात."

"कशाला आली होती ते सांगा."

"तुमच्या सहा तारांतली एखादी तरी बेसला बसेल का, ते विचारायला. मी म्हणाले, आखूड पडतात, पोहोचायच्याच नाहीत. तर म्हणते, एक तरी बसवा. आजोबा कधीतरी विचारतील, लावल्यास का म्हणून."

मी तिथल्या स्टुलावर बसलो. आता बघा, दिलेली भेट चुकली असं देणाऱ्याच्या तोंडावर आमच्यात कोणी म्हणत नाही. मीसुद्धा शेजारणीने दिलेला आखूड स्वेटर चार हिवाळे घातलाय. हे मला ठाऊक नव्हतं थोडंच? पण संशय आला की माणसाला स्वतःच्या घरची रीत पण आठवत नाही.

मी सगळं ओकलो. हात वाचायची खोड, बोटं, वळ, उशीर, न्हावी, मुकी खोली. बाईने आपला उजवा हात माझ्यापुढे धरला. पहिल्या दोन बोटांच्या टोकाला पिवळे, चकचकीत घट्टे.

"वाचा," म्हणाली. "बेसच्या तारा बोटांनी खेचतात, आजोबा. न्हाव्याला केस विचारावेत." मग भिंतीवरची बेस काढून आवाज मोठा करायच्या यंत्राला न जोडता वाजवली. मुंगी चालल्याएवढा आवाज. "घरी ती कशावर बसून वाजवते?"

"तातामीवर. मीच शिवलेल्या."

"यंत्र नाही, मग खाली काय ऐकू येणार? तुमच्याच चटया खातात आवाज. आणि तो वळ पट्ट्याचा. स्वस्त बेसबरोबर चिंधीसारखा पट्टा देतात. मंगळवार-शुक्रवार शाळेत बँडची तालीम असते, तेव्हा उभ्याने वाजवतात."

चांगला पट्टा दाखवू का, असं तिने विचारलं. मी नको म्हणलं. पट्टा मला करता येत होता.

तातामीच्या कडेला कापडी काठ लावतात. माझ्याकडे निळ्या काठाचा एक गुंडाळा पडून होता, वर बारीक कासवाच्या पाठीची नक्षी. त्याचे चार पदर घेतले, आत कापूस भरला आणि दोरा कोपराने दाबून तातामीच्याच टाक्याने शिवला. असा टाका बैलाने ओढला तरी तुटायचा नाही.

चितोसेपुढे ठेवला तर ती म्हणाली, "वाढदिवस तर झाला."

"हे उरलेलं."

तिने पट्टा अडकवला, बेस खांद्यावर घेतली. मग माझ्याकडे असं डोळे बारीक करून बघितलं, की मला आरशात बघितल्यासारखं वाटलं.

"आजोबा, त्या तारा तुम्ही मुद्दाम आणल्यात ना? मी पाकीट उघडताना तुम्ही एकदाही चावला नाहीत. घास तसाच गालात."

मी हो म्हणलं. का, तेही सांगितलं. ती पट्ट्याच्या काठावरून बोट फिरवत राहिली. मला वाटलं आता रडेल, नाहीतर बॅग भरेल.

"पण मी खोटं बोलले," ती म्हणाली. "हेच लागत होतं म्हणाले. म्हणजे ओसाका?"

"दुकानात मी पण खोटं बोललो. न्याय करायचा तर दोघांनाही जावं लागेल."

"बाबांच्या खोलीत दोघं मावणार नाहीत."

"मग राहू दे."

तिने वरची सगळ्यात जाड तार खेचली. मी पुढे वाकून कान दिला. आला आवाज, मुंगीएवढा.

"पट्टा दोन बोटं आखूड करा," ती म्हणाली. "मी अजून एवढी उंच नाही."