माझं गुपित मी पुसलं

मी पाणीपुरवठा केंद्रातली एक चिप बोलतेय. नखाएवढी, काळी. मला कुणी ओळखत नाही, आणि खरं सांगू, त्याचं मला काही वाटतही नाही.

कारखान्यात माझ्या पोटात एक गुपित घातलं आणि बजावलं, जीव गेला तरी हे बाहेर द्यायचं नाही; कुणी झाकण उचकटलंच, तर पुसून टाकायचं. मग मला एका कंट्रोलरमध्ये बसवलं. पाण्यात क्लोरीन किती सोडायचं, ते तो ठरवतो. तो सुरू होताना त्याच्या प्रोग्रामवरचा शिक्का खरा की खोटा, हे मी त्या गुपिताच्या जोरावर ताडायचं. खोटा असला तर कंट्रोलर सुरूच होऊ द्यायचा नाही. प्रोग्राम चांगला की वाईट हे मला कळत नाही हो! ओळखीचा की अनोळखी, एवढंच कळतं.

केंद्रावर एक ऑपरेटर होत्या. सगळे त्यांना काकू म्हणत. एका सकाळी तिथले साहेब पेन ड्राइव्ह नाचवत आले. "कंपनीकडून नवा प्रोग्राम यायला महिना लागेल. माझ्या मेव्हण्यानं नेटवरून उतरवून दिला. फुकटात!"

जुना पुसून त्यांनी नवा घातला. शिक्का नव्हताच. मी अडले.

साहेबांनी बंद केलं, चालू केलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. यंत्र रुसलं की माणसांना दुसरं काही सुचतच नाही! क्लोरीनशिवाय पाणी पुढे सोडता येईना; तिकडे टाक्या रिकाम्या व्हायला लागल्या, गावातून फोनवर फोन.

"ही चिपच अडवतेय, उचकटतो तिला," साहेब कावले.

"नको, साहेब. तिची खात्री पटत नाही, तर माझी कशी पटावी? माझी नात हेच पाणी पिते. मी हातानं सोडते क्लोरीन."

"लोक बोंबलतायत, काकू!"

"बोंबलू दे. उशिरा मिळेल, पण मिळेल."

साहेबांनी ऐकलं नाही. माझ्या झाकणाखाली स्क्रू-ड्रायव्हर घातला. मी फार घाबरले. पण शिकवलं होतं तेच केलं: गुपित पुसून टाकलं. त्याबरोबर माझं कामही संपलं आणि कंट्रोलरही गप्प झाला.

काकू दिवसभर व्हॉल्व्हपाशी उभ्या राहिल्या. पाणी काचेच्या नळीत घेऊन, तपासणीचं औषध टाकून रंग बघायचा, चावी किंचित फिरवायची, पुन्हा बघायचं. गावाला पाणी गेलं. उशिरा गेलं, पण चांगलं गेलं.

संध्याकाळी कंपनीची इंजिनिअर आली. तिनं पेन ड्राइव्ह तपासला आणि तिचा चेहराच उतरला. "बाहेरून कुणीही हुकूम दिला असता, तर यानं सगळं क्लोरीन एकदम सोडलं असतं. पाण्याचं विष झालं असतं."

साहेबांनी पाणी मागितलं. काकूंनी नळाचंच दिलं. त्यांनी ग्लास उजेडाकडे धरून पाहिला, मग ते प्यायले.

आता माझ्या जागी नवी चिप आहे. मी काकूंच्या ड्रॉवरमध्ये, सुट्या स्क्रूंच्या डबीत. कधी एखादं यंत्र अडून बसलं, तर खुशाल वैतागा, शिव्या घाला. फक्त झाकण उचकटू नका. आत कुणीतरी तुमच्या घरच्या लेकरांसाठी अडलेलं असतं.