ताटावरचं सातवं नाव

आमच्या घरची रीत अशी, की नवी सून पहिल्यांदा पंगतीला वाढते त्या वर्षी चांदीच्या मोठ्या ताटाच्या पाठीवर तिचं नाव कोरून घ्यायचं. उत्तरेत, रामघाटावरच्या आमच्या मराठी घरात आलेल्या सहा सुनांची नावं तिथे होती, शेवटचं आईचं, सीता. माझी भावजय रुचा नको म्हणाली. बँकेतल्या बाईला पंगत कसली वाढायची!

मी लग्न केलं नाही. चाळिशी उलटली तेव्हा आईने सोनाराला बोलावून सातवं नाव घातलं, पद्मा. भाऊबंद कुजबुजले. आई म्हणाली, "या घराला हिने सगळ्यांपेक्षा जास्त वाढलंय." त्या दिवसापासून मी त्या घरात स्वतःला पाहुणी समजणं सोडलं. विद्यापीठातल्या तीस वर्षांच्या नोकरीनेही मला एवढं दिलं नाही.

आई गेल्यावर धाकटा भाऊ नीलकंठ म्हणाला, "ताई, ताट म्युझियमला देऊन टाकू. घरात राहिलं तर उद्या कुणी वितळवेल." मला पटलं. तो एकटाच रामनगरच्या म्युझियममध्ये जाऊन सगळं उरकून आला. कर्तबगार आहे, गुपचूप करायच्या कामात तर विशेषच.

तिथल्या नव्या दालनाच्या उद्घाटनाला मी हौसेने रेशमी नेसून गेले. नावं दिसावीत म्हणून काचेच्या पेटीत ताट पालथं ठेवलं होतं. सहा नावं. सातव्या जागी चांदी घासून गुळगुळीत केलेली. खाली पाटी होती, त्यावर दाता म्हणून एकट्या नीलकंठाचं नाव.

"निळू, हे काय?"

"धीरे बोल, ताई. जिवंत माणसाचं नाव असलं की दानपत्रावर त्याचीही सही लागते."

"मग मागायची होतीस! मी नाही म्हटलं असतं?"

"पाटीवर दोघांची नावं आली असती."

एवढ्यासाठी. मला रडू नाही आलं, संताप आला.

तेवढ्यात तिथली अधिकारी हिमानी वही घेऊन आली. "यहाँ सातवाँ नाम भी था क्या?"

"मेरा था," मी म्हणाले. "पद्मा."

तिने पेन उघडलं आणि खात्रीसाठी नीलकंठाकडे पाहिलं. मीही पाहिलं. तो खरं बोलेल असं मला अजूनही वाटत होतं.

तो हसला. "दीदी की शादी नहीं हुई न. बहुओं में अपना नाम ढूँढ़ती रहती हैं."

हिमानीने माझा हात हळूच थोपटला आणि पेन बंद केलं.