सरस्वतीला कोणाचा पाय चालतो?

मुरलीधर दाणी मास्तरांना एक दुखणं होतं आणि ते कोणत्याही वैद्याला दाखवण्यासारखं नव्हतं. दुसऱ्याचं चांगलं वाजलं की यांच्या पोटात दुखे. तुम्हाआम्हाला हे दुखणं अर्थातच नाही. म्हणून तर ही गोष्ट मोकळेपणाने सांगता येते.

लढाईचे दिवस होते. जबलपूरच्या फॅक्टऱ्यांत रात्रपाळ्या लागल्या होत्या, बाबूलोकांच्या खिशात ओव्हरटाइम खुळखुळत होता, आणि खुळखुळणाऱ्या खिशाला कलेची आठवण लवकर होते. राइट टाउनात मास्तरांच्या बैठकीत पोरंटोरं, कारकून, एक पोक्त ओव्हरसियर, असे सगळे संध्याकाळी व्हायोलिन शिकायला जमत आणि शेजारी खिडक्या लावून घेत. मास्तरांना त्या खिडक्यांचं इतकं वाईट वाटत नसे, जितकं फॅक्टरीच्या भोंग्याचं वाटे. मेला एकाच सुरात ओरडतो आणि अख्खं शहर सायकलवर टांग मारून निघतं!

अशा या बैठकीत अनसूयाबाई पळसोकर आपल्या मुलीला, बेबीला, सोडायला येत. बेबीला व्हायोलिनपेक्षा मास्तरांच्या पत्नीच्या, विनताबाईंच्या, चिवड्यात जास्त रस होता. सोबतीला बसून बसून आईच शिकायला लागली. मास्तरांनी हसून परवानगी दिली. बायका चार दिवसांत कंटाळतात, असा त्यांचा समज होता.

या बाई कंटाळेनात. एका संध्याकाळी त्यांनी साधा भूप वाजवला आणि स्वयंपाकघरातलं विनताबाईंचं लाटणं थांबलं. मास्तरांनी ते थांबलेलं ऐकलं. त्यांच्या स्वतःच्या वाजवण्याने ते लाटणं लग्न झाल्यापासून एकदाही थांबलं नव्हतं!

आता, आपल्याकडे तयारीचं व्हायोलिन जमिनीवर बसून वाजवतात. एक टोक खांद्याला, दुसरं पुढे काढलेल्या उजव्या पायाच्या घोट्यावर. मग वाद्य सावरावं लागत नाही, डावा हात मोकळा होतो आणि बोट तारेवरून घसरत एका सुरातून दुसऱ्यात शिरतं. हीच मींड. नवख्यांना मास्तर खुर्चीवर बसवून वाद्य हनुवटीखाली धरायला लावत आणि तयार झाले की खाली घेत. अनसूयाबाई तयार झाल्या होत्या.

"मास्तर, आता मी खाली बसू का?"

"छे छे! बाईमाणसानं सरस्वतीला पाय लावायचा नसतो. आमच्या गुरूंचा दंडक आहे."

गुरूंनी असं काही सांगितलेलं नव्हतं. पण ते वारलेले असल्यामुळे नाही म्हणायला येऊ शकत नव्हते.

बाई बिचाऱ्या खुर्चीवरच राहिल्या. वाद्य सावरता सावरता त्यांची मींड मध्येच अडे, चढावर टांग्याचा घोडा अडतो तशी. "होईल, होईल," असं मास्तर मायेने म्हणत, आणि त्या दिवशी एक पोळी जास्त जेवत.

वसंत पंचमीला गावातल्या मराठी मंडळात मास्तरांच्या शिष्यांचा कार्यक्रम असे. शेवटी वाजवण्याचा मान मास्तरांचा. त्या वर्षी मंडळाच्या चिटणिसांनी येऊन विचारलं, "मास्तर, यंदा शेवटी पळसोकरवहिनींना बसवायचं का? बायका फार मागे लागून राहिल्या." मास्तर "बघू" म्हणाले. असं "बघू" म्हणणाऱ्याने डोळे मिटलेले असतात, हे चिटणिसांना ठाऊक नव्हतं.

पंचमीच्या आधी एका रविवारी अनसूयाबाई आल्या. डोळे लाल.

"मास्तर, माझं नाव काढून टाका. माझ्या बोटातच नाही ते. वर्षभर घासून राहिली, एक मींड येत नाही. आमच्या घरचे म्हणतात, लढाईपायी विलायती माल येत नाही, तोवर चढ्या भावात विकून टाक व्हायोलिन. विकतेच आता."

मास्तरांच्या मनात पेढे वाटले गेले. चेहरा मात्र त्यांनी सुतकी ठेवला.

कोपऱ्यात भाऊराव तबला ठोकून सुरात आणत होते. फॅक्टरीत फोरमन, आणि मास्तरांचे जुने साथीदार. त्यांची हातोडी थांबली.

"वहिनी, तुम्ही खुर्चीवर बसून काहून मींड घेऊन राहिल्या?"

अनसूयाबाईंनी दंडक सांगितला.

"अच्छा! गुरुजींचा?" भाऊराव म्हणाले. "वहिनी, तुम्ही जरा आत जाऊन चहा घ्या. विकायचं मग पाहू."

बाई आत गेल्या. भाऊरावांनी हातोडी खाली ठेवली.

"मुरलीधर, सरस्वती कोण रे? बाई का बुवा?"

"देवता आहे."

"बाईच ना? मग तिला तुझ्या भेगाळलेल्या टाचेचं काही वाटत नाही, आणि बाईच्याच पायाचा विटाळ होते?"

"भाऊराव, शास्त्र..."

"शास्त्र रहने दो यार! आमच्याकडे एक जुना मिस्त्री होता. मशीन लावायची खुबी कोणाला दाखवत नव्हता, पाठ करून काम करायचा. वाटे, पोरं शिकली तर आपल्याला कोण विचारते! लढाई आली, काम वाढलं, आणि हा पडला तापानं. मशीन बंद! तेव्हा सगळ्यांनी विचारलं त्याला. काय काय विचारलं, ते घरात बायका असताना सांगता येत नाही."

मास्तरांना हसू आलं नाही. ते एकदम बोलून गेले, "ती माझ्या पुढे जाईल, भाऊराव!"

"जाईल ना! ज्याला शिकवलं तो पुढे जाते, म्हणूनच त्याला शिकवणं म्हणतात. हे तुझे हात एक दिवस ग्वारीघाटावर जळणार. त्यातली मींडही जाळून टाकायची का? तुझ्या गुरुजींनी तुझ्यापासून लपवली असती तर?"

दारात विनताबाई उभ्या होत्या. "मी सांगू? त्या दिवशी बाईंच्या भूपापायी माझी पोळी करपली. तुमच्या वाजवण्यानं आजवर एकही करपली नाही."

सत्य इतकं थोडक्यात कोणी सांगू नये. मास्तर उठले, सतरंजी अंथरली आणि आत हाक मारली.

"बाई, या. खाली बसा. उजवा पाय पुढे."

"पण गुरुजींचा दंडक?"

"त्यांचा नव्हता. माझा होता." मास्तर म्हणाले. "तुमचं वाजवणं मला सोसवेना."

अनसूयाबाई सतरंजीवर येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "माझं वर्ष गेलं, मास्तर. मी स्वतःच्या हाताला शिव्या देत होते."

मास्तरांनी खाली वाकून व्हायोलिनचं टोक बाईंच्या घोट्यावर नीट टेकवून दिलं.

बाईंनी गज ओढला. बोट निघालं, न अडता घसरत गेलं आणि पंचमावरून गंधारात असं उतरलं, की जणू मधे अंतरच नव्हतं! काय तो सूर! मास्तरांच्या पोटात आजवर उठली नव्हती अशी कळ उठली, आणि त्याच क्षणी तोंडून निघालं, "वा!" दाद खरी होती, हीच तर पंचाईत! एकाच माणसात दोन्ही मावतात, हे त्यांना त्या वयात कळलं.

पंचमीला शेवटी अनसूयाबाई बसल्या. कार्यक्रम संपल्यावर तीन-चार बायकांनी त्यांना घेरलं, आम्हाला शिकवाल का म्हणून. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं.

"शिकवा," मास्तर म्हणाले. "सगळं शिकवा. पहिल्याच दिवशी खाली बसवा."

हे म्हणताना त्यांना दुखलं नाही असं नाही. पण दुखत असतानाही माणसाला खरं बोलता येतं.

बंधुभगिनींनो, आपल्या घरात, कचेरीत, शाळेत असे पुष्कळ दंडक आहेत. अमक्याने हे शिकू नये, तमकीने त्याला हात लावू नये. पुढच्या वेळी असा दंडक कानावर आला तर तो देवाचा आहे की सांगणाऱ्याच्या भीतीचा, एवढं विचारा. आणि कोणाला शिकवायला बसलात तर काही राखून ठेवू नका. आपल्या शिकवण्याने कोणी पुढे गेला तर आपण लहान होत नाही. त्याला अडवून ठेवलं, तर मात्र नक्की होतो.