काकांची एकहाती गाडी

ती जनावरांची डॉक्टर होती. दवाखाना खाली गावात, पण आजारी गुरं बहुतेक वर डोंगरात. जिथे डांबर संपतं आणि पुढे नुसते दगड, ओढे नि चिखल. अडलेल्या गायीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरू फिरवणं, किडे पडलेली जखम चिमट्याने साफ करणं, मेलेली शेळी उघडून तिने काय खाल्लं होतं ते पाहणं, हे तिचं रोजचं काम. ती मामा-मामीकडे राहायची; घरी येऊन ती हात धुवायची आणि भूक लागलीय म्हणून ताटावर बसायची. मामी मात्र तिच्या शेजारी जेवायला बसायला कधी राजी नसे.

त्या वर्षी तिची दुचाकी वरच्या वाटेवर दोनदा घसरली. दुसऱ्या वेळी मनगट मोडलं. प्लास्टर निघालं त्याच दिवशी तिने ठरवलं, छोटी का होईना पण दोनच नाही, चारही चाकं ओढतील अशी गाडी घ्यायची. नवी झेपण्यासारखी नव्हती. म्हणून जुनी.

मामाने आयुष्यभर गॅरेज चालवलेलं. गुडघे गेले तेव्हा शटर ओढलं, पण हात अजून शिवशिवायचे. "गाडी घेताना गाडीकडे बघायचं नाही," तो म्हणाला. "तिच्या खाली बघायचं. वरचं सगळं पॉलिश."

काकांना कुठून तरी हे कळलं. हे काका म्हणजे तिच्या वडिलांचे ऑफिसातले मित्र. वडील गेले तेव्हा ती कॉलेजात होती. तिच्या फीच्या सवलतीसाठी हे गृहस्थ चार ऑफिसं हिंडले होते. ते ती विसरली नव्हती, आणि काकांनीही तिला कधी विसरू दिलं नव्हतं.

"बाळा, बाहेर कशाला शोधतेस?" फोनवर त्यांचा आवाज नुसता पाघळत होता. "माझी आहे ना. एकहाती गाडी. फुलासारखी जपलीय. परक्याला देताना जीव तुटला असता बघ."

रविवारी सकाळी ती आणि मामा त्यांच्या बंगल्यावर गेले. अंगणात गाडी उभी होती, डोळे दिपतील अशी चकाचक. टायरांनाही काळं पॉलिश मारलेलं. मामाने नमस्कार केला, चहा नंतर म्हणाला आणि आधी बॉनेटवर तळवा ठेवला.

"तापलीय की."

"आत्ताच एक चक्कर मारून आणली. म्हटलं तुम्ही येणार," काका म्हणाले.

मामा तिच्याकडे वळून हळूच पुटपुटला, "थंड गाडी कशी सुरू होते ते बघायचं असतं. आधीच तापवून ठेवली म्हणजे याला ते दाखवायचं नाहीये."

तिने दार उघडलं आणि मोगऱ्याच्या सेंटचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी आलं. आरशाला, पुढच्या जाळीला, मागच्या सीटला, तीन ठिकाणी सेंटच्या बाटल्या लटकवलेल्या. ती आत बसली. त्या मोगऱ्याखाली अजून एक वास होता. तो तिच्या ओळखीचा. बंद गोठ्यात बरेच दिवस पाणी साचून राहिलं की येतो तो.

मामा चारही टायरांभोवती वाकत वाकत फिरला. "पुढचे दोन एका मापाचे, मागचे दुसऱ्याच. अशा गाडीत चारही सारखे लागतात, झीजसुद्धा सारखी लागते. नाहीतर चारही चाकं जोडली की आतले गिअरचे दात एकमेकांना खातात."

"अहो, ते पुस्तकातलं," काका हसले. "चालवून तर बघा."

बंगल्यामागे मुरमाचं मोकळं मैदान होतं, एका कडेला चढ. तिने गाडी तिथे नेली, मामा खाली उतरून बाजूला उभा राहिला. तिने चारही चाकं जोडणारा छोटा लिव्हर ओढला, समोर हिरवा दिवा लागला. चढावर गाडीने मागची चाकं भिरभिरवली, मुरूम उडवला आणि जागच्या जागी धडपडत राहिली. पुढची चाकं ढिम्म.

"दिवा लागलाय!" तिने ओरडून सांगितलं.

"दिवा लागू दे. चाक कुठे फिरतंय?" मामा गुडघ्यांना शिव्या घालत जमिनीवर आडवा झाला, मान गाडीखाली घातली आणि तसाच पडून राहिला. बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं, पण चांगलं नव्हतं. "पुढच्या चाकांना ताकद नेणारा शाफ्टच नाहीये. काढून टाकलाय. जोडायचं काय, कपाळ? दोन चाकांची गाडी आहे ही, चार चाकांवर उभी."

काका चालत मैदानात आले होते. त्यांनी ऐकलं. त्यांचा चेहरा जरासुद्धा पडला नाही.

"तो आवाज करायचा, म्हणून काढला. रोज कुठे लागतो तो? उगाच तेल खातो."

"काका, मला लागतो म्हणूनच तर ही गाडी बघतेय मी."

"बसवून घेशील गं. मामा आहे ना घरचा."

ती परत आत, मागच्या सीटवर बसली. गाडी पाण्यात होती का ते बेल्ट सांगतो, हे मामाने सांगितलेलं तिला आठवलं. तिने मागच्या सीटचा बेल्ट धरला आणि ओढत गेली; जेवढा रोज कोणी ओढत नाही तेवढा, अगदी शेवटपर्यंत. वरचा भाग स्वच्छ धुतलेला. गुंडाळीतून आलेला शेवटचा हातभर पट्टा मातकट, कडक, आणि त्यावर एक सरळ तपकिरी रेघ. पाणी कुठपर्यंत चढलं होतं त्याची. तिने आपल्या खांद्याशी लावून पाहिली. मागे बसलेल्या माणसाच्या छातीपर्यंत.

मग तिने पायाखालचा गालिचा कोपऱ्यातून उचकटला. खाली राखाडी गाळ होता, वाळून भेगाळलेला, भेगांमधून पांढरी बुरशी. सीटखाली हात घातला तेव्हा आधी उंदराचा सांगाडा लागला, केस चिकटलेले. तो तिने बाहेर ठेवला. त्याचं तिला काही वाटलं नाही. मग एक मोजा लागला. लहान मुलाचा, तिच्या तळहातात मावेल एवढा. गाळाने लाकडासारखा ताठ झालेला.

ती तो हातात घेऊन बाहेर आली. "काका, ही गाडी पुरात होती."

"पाणी कुठे लागत नाही? पाऊस काय सांगून येतो?"

"हा कोणाचा आहे?"

"असेल आधीच्या माणसाच्या पोराचा. मला काय ठाऊक." त्यांनी तो तिच्या हातातून दोन बोटांत धरून घेतला, खाली टाकला आणि बुटाच्या टोकाने कुंपणाच्या झुडपात ढकलला. सकाळचा चहा घशाशी आला आणि तिने तो गिळला. इतक्या वर्षांत कुठल्या गोठ्यात, कुठल्या मढ्यासमोर असं झालं नव्हतं.

"आधीचा माणूस? तुम्ही तर एकहाती म्हणालात."

"माझ्या एकट्याच्या हातात होती ना? वर्षभर दुसऱ्या कोणाला चावी दिली नाही मी."

मामाने तोवर गाडीचे कागद बघितले होते. काका तिसरे मालक. मामा पुन्हा खाली शिरला, खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या वर चॅसीवर, गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, ठोकत सरकत गेला. टण, टण, टण, थप्प. जिथे थप्प वाजलं तिथे त्याने टोक दाबलं. टोक मुठीपर्यंत आत गेलं. वर ताजा काळा रंग, त्याखाली भोकं बुजवायची लांबी, त्याखाली वर्तमानपत्राचे बोळे. लोखंड नव्हतंच. तो उठून बसला, हातातल्या कागदाच्या लगद्याकडे बघत राहिला आणि स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवून दिला.

"चल," तो तिला म्हणाला. "बघितली. निघू या."

तेवढ्यात फाटकातून एक माणूस आत आला. जाडजूड, कानावर पेन. त्याने काकांना हात केला. "मग, यांची नाही ना ठरली? मी सोमवारपासून लावणार. शाळेने वरच्या वस्त्यांची पोरं आणायचं काम दिलंय मला."

काका लगेच त्याच्याकडे वळले, तोच पाघळणारा आवाज. "तुझीच रे गाडी. हे आमचे घरचे, सहज बघायला आले होते."

मामाने तिचा दंड धरला. "चल म्हणतो ना. आपल्याला घ्यायची नाही, विषय संपला."

तिने त्याच्याकडे रोखून बघितलं आणि दंड सोडवून घेतला. त्या माणसासमोर उभं राहून तिने एकेक सांगितलं. पुढचा शाफ्ट नाही. पुराचा गाळ आहे. चॅसी मागे कुजलीय, आत पेपर भरलाय. भरल्या गाडीने उतारावर दणका खाल्ला तर मागचा भाग मोडेल. "पोरं बसणार आहेत यात," ती म्हणाली. "तुम्ही स्वतः वाकून बघा."

काकांचा चेहरा आता कुठे बदलला. "तुझ्या फीसाठी मी जोडे झिजवले. तुझा बाप असता तर मान खाली घातली असती त्याने!"

ती त्या जाडजूड ड्रायव्हरकडे बघत होती. तो वाकला, भोकात बोट घालून पाहिलं, बोट पँटला पुसलं. तिला वाटलं आता तो चिडेल, काकांची गचांडी धरेल. तो म्हणाला, "मग भाव निम्मा करा. एवढं मोठं भोक आहे." आणि तिच्याकडे वळून, जणू तिनेच त्याचं काम सोपं केलं होतं, असा हसला. "बरं झालं सांगितलंत, ताई. वर पत्रा मारून घेतो. दोन वर्षं काढली की पुढे कोणालातरी देऊन टाकीन."

काका आणि तो गाडीच्या दोन बाजूंना उभे राहून घासाघीस करू लागले. चहा आला. तिलाही कप पुढे केला गेला. ती फाटकाबाहेर येऊन गटारावर ओकली.

बसथांब्याच्या बाकावर मामा तिच्या शेजारी बसला. मग म्हणाला, "तू माझ्याकडे मघाशी कसं बघितलंस, कळलं मला."

"तुला त्याला सांगायचं नव्हतं."

"नव्हतं." तो आपल्या नखांतली काळी घाण काढत होता. "पेपर दाबून भरायचा, वर जाळी, वर लांबी, वर रंग. मी स्वतः केलंय ते. गिऱ्हाईक म्हणायचं, विकायचीच आहे, दिसेल असं कर. मी करायचो. पाच-सहा तरी केल्या असतील. पुढे त्या कोणाकडे गेल्या, मी कधी विचारलं नाही."

तिला त्याच्यापासून सरकून बसावंसं वाटलं. हाच तिला खांद्यावर घेऊन फिरला होता. ती सरकली नाही, पण बस आली तेव्हा त्याला आधार न देता पुढे चढली.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी ती वाहनांच्या ऑफिसात गेली. खिडकीतला कारकून तिचा अर्ज उलटसुलट करत म्हणाला, "तुम्ही गाडी घेतलीत का? नाही. फसलात का? नाही. मग तक्रार कसली? आणि गाडी कुजलीय हे ठरवणार कोण? तुम्ही गुरांच्या डॉक्टर."

"मी ठरवणार." मामा मागे उभा होता. तो मागच्या बसने आला होता, तिला न सांगता. त्याने कागद ओढून घेतला आणि उभ्या उभ्या लिहिलं: गाडी कुठे, कशी कुजली आहे, आणि हे भरणं मला ओळखता येतं, कारण माझ्या गॅरेजात मी ते केलेलं आहे. खाली सही, गॅरेजचं नाव, पत्ता. कारकुनाने दोनदा वाचलं. "हे असं लेखी देताय तुम्ही?"

"शिक्का मारा आणि नक्कल द्या."

ती नक्कल तिने शाळेच्या मुख्याध्यापिकेसमोर नेऊन ठेवली. ऑफिसने तपासणीला तीन आठवडे लावले, पण शाळेने त्या गाडीत एकही मूल बसू दिलं नाही. शेवटी ड्रायव्हरने निम्म्या भावात घेतलेली ती गाडी रस्त्यावर चालवायला नालायक ठरली. ड्रायव्हर दवाखान्यात येऊन, प्लास्टर केलेल्या वासरासमोर, तिला तोंडाला येईल ते बोलून गेला. काकांनी तिच्या नात्यागोत्यात सगळीकडे फोन करून तिला नावं ठेवली. मामाच्या जुन्या गिऱ्हाइकांनी रस्त्यात त्याच्याशी बोलणं टाकलं. मामी म्हणाली, म्हातारपणी हे सुचलं तुम्हाला? आणि घर बाटल्यासारखी रडली.

दोन महिन्यांनी तिला गाडी मिळाली, रोपवाटिका चालवणाऱ्या एका बाईची. रंग उडालेला, मागे खताच्या पोत्यांचे डाग. बाईने आधीच सांगून टाकलं, "दुसरा गिअर कुरकुरतो, डावं दार आतून उघडत नाही, आणि पावसात डोक्यावर ठिबकतं. बाकी बघून घ्या." मामाने सकाळभर बघितली. चारही चाकं ओढत होती.

ती दवाखान्यात गाडी घेऊन आली त्या आठवड्यात मामा रविवारी पुढच्या सीटवर येऊन बसला. हातात चिठ्ठी होती, त्यावर तीन नावं. "मी पेपर भरून दिला त्या गाड्यांच्या मालकांची. बाकीची आठवत नाहीत," तो म्हणाला. "या तिघांकडे सोडशील?"

पहिला माणूस लाकडाच्या वखारीत भेटला. करवत बंद करून, कानातला भुसा झाडत त्याने मामाचं म्हणणं ऐकलं. मामाने काही आडपडदा ठेवला नाही. मागे उजवीकडे, पाट्यांच्या वर, कागद भरलाय, असं बोटाने हवेत दाखवून सांगितलं.

"ती होय! ती कधीच विकली मी."

"कोणाला?"

"बाजारात एक दलाल होता. त्याला दिली. का हो? पैसे परत मागणार आहे का कोणी?"

"नाही. त्या माणसाला सांगायला हवं."

वखारवाला मामाकडे, मग तिच्याकडे बघून हसला, वेडे आहेत असं समजून, आणि करवत पुन्हा सुरू केली. त्या आवाजात मामा अजून काहीतरी विचारत उभा होता. ऐकू येत नव्हतं. शेवटी तो परत आला, आत बसला आणि घाण काही लागलेली नसताना दोन्ही तळवे पँटवर घासत राहिला.

"दुसरा कुठे राहतो?" तिने विचारलं.

"पुलाच्या पलीकडे. सरळ घे."