तेहतीस दरवाज्यांपलीकडे

गोमाजी पचारे धरणात अडकला, असे गावात प्रथम बोलले गेले तेव्हा त्याला जाऊन पुरते दहा दिवसही झाले नव्हते.

बोलणारी होती आनंदाबाई. पवनीच्या अलीकडे, वैनगंगेच्या काठी वसलेल्या त्या गावात तिच्या घरचे धान सर्वांत आधी कापले जाई आणि तिचा शब्दही सर्वांत आधी पडे. दशक्रियेला ती आपण होऊन तांदूळ घेऊन आली होती, त्यामुळे तिच्या मनात दुष्टावा होता असे म्हणता येणार नाही. पण जिभेला आवर घालण्याची सवय तिला नव्हती.

"आमच्या सासूबाईच्या अस्थी प्रयागले नेल्या होत्या," ती गोमाजीच्या बायकोला, कौशल्याबाईला म्हणाली. "तू बुढ्याले वैनगंगेत सोडलं. म्हणजे काय, धरणातच सोडलं न वो! गोसेखुर्दची भिंत तो ओलांडंन कसा? मासोळ्यायसंगं फिरत राहीन तिथंच."

बायका पदराआड हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी ते वाक्य पानटपरीवर पोहोचले.

कौशल्याबाईने त्या वेळी उत्तर दिले नाही. गोमाजी जातीचा ढिवर, मासे धरणारा. पन्नास वर्षे त्याने तलाव आणि नदी यांखेरीज दुसरे काही जाणले नाही. जाण्यापूर्वी त्याने कौशल्याबाईचा हात धरून सांगितले होते, "मले माह्याच नदीत सोडजो. परक्या नदीत मले वाट गावणार नाही. आपली नदी मले बरोबर समुद्रात नेते." त्याची इच्छा तिने शिरसावंद्य मानली होती. महिना भाद्रपदाचा होता. धरणाचे तेहतीसही दरवाजे उघडलेले तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते; फेसाळलेले पाणी भिंतीखालून गर्जत जात होते. पण तेथून पुढे ते कोठे गेले? गोमाजीने समुद्र कधी पाहिलेला नव्हता, आणि तिनेही नाही. ज्या गोष्टीवर विसंबून पतीने डोळे मिटले, ती खरी की खोटी हे ठाऊक नसणे तिला काट्यासारखे सलू लागले.

पौषात धान घरी आले की अड्याळचा गोपीचंद यात्रेची बस काढीत असे. त्या वर्षी त्याने रंगीत पत्रक छापले. वर ठळक अक्षरांत लिहिले होते : 'संपूर्ण भारत-दर्शन. प्रांत, नगरे, समुद्रकिनारे व अभयारण्ये.' एका कोपऱ्यात वाघ होता, दुसऱ्यात दीपस्तंभ.

"वैनगंगा समुद्राले मिळते ते ठिकाण लागते का?" कौशल्याबाईने विचारले.

"लागते न काकू! सगळा देश लागते, मंग ते कसं नाही लागणार?"

त्या एका शब्दावर ती गाडीत चढली. खिडकीची जागा आनंदाबाईला मिळाली. कौशल्याबाईला अगदी मागे, स्वयंपाकाच्या भांड्यांशेजारी.

पण मागच्या काचेतून देश अधिक दिसतो, हे तिला लवकरच उमगले. विंध्याचे पठार तिने निळसर होत मावळताना पाहिले. काशीच्या पायऱ्यांवर पहाटेच्या धुक्यात हजारो माणसे एकाच सूर्याकडे तोंड करून उभी होती. तिचेही हात आपसूक जुळले. कोलकात्यात रुळांवरून रस्त्यातच चालणारी गाडी पाहून ती लहान मुलीसारखी हसली. सुंदरबनाची मात्र फक्त पाटी दिसली, कारण गोपीचंदने तेथे चहापुरती गाडी थांबवली. पुरीनंतर चिलिका सरोवर धावत्या बसमधून दिसले. पाण्यावर इतके पक्षी उतरले होते की पाणी पांढरे वाटत होते. तिने ओरडून गाडी थांबवायला सांगितले, तेव्हा गोपीचंद म्हणाला, "पाखरं तर आपल्या तलावावरही येतात न!"

त्याआधी, प्रयागला, पुरोहिताने कौशल्याबाईला गोमाजीची पिठाची मूर्ती करून विधी करू या म्हटले. आनंदाबाईने तिला कोपराने ढोसले, "कर वो, अजूनही बुढ्याची सुटका होईन."

"तो सुटलाच हाय," कौशल्याबाई म्हणाली आणि वाळवंटातून उठून आली.

पुरीला पहिल्यांदा समुद्र दिसला. पृथ्वीला इतके पाणी झेपते कसे, हा विचार तिच्या मनात आला, आणि ज्याने ते झेपवले त्याला तिने नमस्कार केला.

"पाह्यला न समुद्र?" आनंदाबाई म्हणाली. "जोड हात आन् मिटव एकदाचं."

"हा समुद्र महानदीचा होय, बाई. माह्या नदीचा नाही."

हे तिला कैलाशने शिकवले होते. कैलाश बसचा चालक. मालमोटारींवर आयुष्य गेलेला, थोडक्या शब्दांचा गृहस्थ. एका मुक्कामी त्याने भाकरीच्या तव्यावर पिठात बोट फिरवून तिला नदी काढून दाखवली. वैनगंगेला वर्धा मिळते, दोघींची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि राजमहेंद्रीच्या पुढे गोदावरीचे फाटे फुटून ते समुद्राला मिळतात. "एका फाट्यावर कोरिंगा नावाचं अभयारण्य हाय, काकू. राजमहेंद्रीवरून सत्तरेक किलोमीटर. गाडी वळवली तर अर्धा दिवस." तव्यावरचे ते पीठ कौशल्याबाईने पुसू दिले नाही. कैलाशने शेवटी दुसरा तवा घेतला.

राजमहेंद्रीच्या घाटावर बस सकाळी सातला लागली. सर्वांची स्नाने झाली. गोपीचंदने घोषणा केली, "जेवण करा, आराम करा. पाच वाजता गाडी सुटते ते सरळ तिरुपती."

"आन् नदीचं तोंड?" कौशल्याबाईने विचारले.

"कोणतं तोंड?"

"जे लागते म्हणून तू सांगितलं होतं ते."

गोपीचंद हसला. "तिथं देव नाही, देऊळ नाही. चिखल आन् झुडपं. चाळीस माणसं घेऊन मी चिखलात जाऊ?"

"कागदावर अभयारण्य छापलं न तू? समुद्रकिनारे छापले न?"

"ते फोटो शोभेसाठी असतात, काकू."

तिने पदर खोचला. भांड्यांमागून आपली पिशवी ओढून काढली. "मंग शोभा तुले राहू दे. मी जाऊन राहिली."

"एकटी? भाषा येते का तुले? हे पाह्य, पाचच्या ठोक्याले गाडी हालंन. तू नसशीन तर तुहं गाठोडं या घाटावर ठेवून देईन. मंग गावात कोणी मले बोल लावायचा नाही!"

"ठेवजो," ती म्हणाली. "पायरीवर ठेवजो, पाण्यात नोको."

मग ती आनंदाबाईकडे वळली. आनंदाबाई केस वाळवीत बसली होती. "तुमी चाला, बाई."

"मी? मी कायले?"

"बुढा अडकला हे तुमीच म्हटलं होतं. मी एकटी पाहून आली तर म्हणसान, खोटं सांगते. आता तुमीच पाहा. अडकला असंन तर गावभर सांगा. मी तोंड उघडणार नाही."

घाटावरचे सगळे आनंदाबाईकडे पाहू लागले. माघार घेणे तिच्या घराण्यात नव्हते. "चाल," ती फणकाऱ्याने उठली. "माह्या डोळ्यानं पाहीन आन् तुह्या तोंडावर सांगीन."

"आनंदाबाई, तुमी कुठं चालल्या?" गोपीचंद घाबरला. "तुमचे गुडघे..." पण दोघी रस्त्याला लागल्या होत्या.

दोन बसगाड्या बदलाव्या लागल्या. धवळेश्वरमजवळ गोदावरीवर आडवा पसरलेला प्रचंड बंधारा दिसला. आनंदाबाईला हर्ष झाला. "पाहा! इथंही दरवाजे! एक, दोन, तीन..." सत्तरानंतर तिने मोजणे सोडले. कौशल्याबाई खिडकीतून फक्त एवढेच पाहत होती की किती दरवाज्यांखालून पाणी वाहते आहे. चार दिसले. चार पुरेसे होते.

कोरिंगाला पोहोचायला साडेअकरा झाले. खारफुटीच्या अरण्यातून लाकडी वाट जात होती. झाडांची मुळे चिखलातून वर डोके काढून श्वास घेत असल्यासारखी उभी होती. चिखलावर एक मासोळी चक्क पायांनी चालावे तशी चालत गेली आणि एका मुळावर चढून बसली. आनंदाबाई किंचाळली. कौशल्याबाई मात्र खाली वाकून पाहतच राहिली. पन्नास वर्षे मासे धरले. देवाने असाही एक घडवून ठेवला आहे हे कोणी सांगितले नव्हते.

वाटेच्या शेवटी धक्का होता. समोर रुंद, मातकट पाणी आणि त्याच्या पलीकडे उघडे आकाश. तेथेच समुद्र असणार. कौशल्याबाईने पिशवीतून एक वस्तू काढली. जाळे तरंगत राहावे म्हणून गोमाजीने जुन्या चपलेच्या रबरातून कापलेली ती एक चकती होती; त्याच्या शेवटच्या जाळ्यातली. तिला जाळ्याचा लांब दोरा बांधलेला होता. धार कोणीकडे ओढते हे पाहायची ढिवरांची ही जुनी रीत. तिने मनोभावे चकती कपाळाला लावली आणि पाण्यात सोडली.

चकती क्षणभर थबकली. मग समुद्राकडे पाठ फिरवून जमिनीच्या दिशेने निघाली.

कौशल्याबाईने दोरा ओढून ती परत सोडली. पुन्हा तेच. नदी उलटी वाहत होती. तलावाचे पाणी उभे असते, नदीचे पुढे जाते. पाणी आपल्या उगमाकडे परतते असे तिने उभ्या जन्मात पाहिले नव्हते.

"पाह्यलं?" आनंदाबाई म्हणाली. पण तिचा आवाज उतरला होता. "समुद्रानं... परत धाडलं वो."

धक्क्यावर एक नावाडी जाळे सांधत बसला होता. त्या दोघींचे चेहरे पाहून तो जवळ आला. चकतीकडे पाहून त्याने मान डोलावली, छातीवर हात ठेवला, लांब श्वास आत घेतला, मग बाहेर सोडला. मोडक्या हिंदीत म्हणाला, "अभी समुंदर अंदर आता. तीन बजे के बाद पानी बाहर जाता. रोज दो बार."

"रोज?" कौशल्याबाईने विचारले.

"रोज, अम्मा."

तिने मोठा सुस्कारा सोडला आणि दोरा बोटाला गुंडाळून धक्क्याच्या कडेला बसली.

"बसली काहून?" आनंदाबाई ओरडली. "अडीचले निघालो नाही तर पाचची गाडी गावणार नाही!"

"नोको गावू दे."

"तिरुपती राहीन! रामेश्वर राहीन! कन्याकुमारी राहीन!"

"देव कुठं पळून नाही चालले. पाणी वळेपर्यंत मी इथून हालत नाही. तुमाले जायचं तर जा. फक्त गावात सांगा, 'मी अर्धंच पाहून आली' म्हणून."

आनंदाबाई तावातावाने लाकडी वाटेने निघाली. मुळावर बसलेल्या त्या मासोळीपर्यंत गेली आणि तितक्याच तावातावाने परत आली. पिशवीतल्या पोळ्या काढून मध्ये ठेवल्या. "उपाशी मेली तर माह्यावर येईन," ती म्हणाली. दोघींनी त्या खाल्ल्या. अडीच वाजले, आणि दोघी तेथेच बसून राहिल्या.

तीनच्या सुमारास पाणी थांबले. चकती जागच्या जागी डुलू लागली. दोरा सैल पडला. वाराही पडल्यासारखा झाला. काठाच्या मुळांवर ओली रेघ उमटली, बोटभर, मग वीतभर. दोरा हळूहळू फिरला आणि समुद्राच्या दिशेने ताणला गेला. कौशल्याबाईच्या बोटाला ती ओढ जाणवली. ओळखीची ओढ होती ती. भाद्रपदात गोमाजीच्या लहान होडीत, डोंग्यात, उभे राहिले की पायाखालून जाणवे तीच.

त्याच वेळी आनंदाबाईच्या फोनची घंटा वाजली. गोपीचंदचा आवाज धक्क्याच्या टोकापर्यंत ऐकू येत होता. "कुठं आहात तुमी? तुमच्यासाठी थांबतो थोडा, आनंदाबाई. तिच्यासाठी नाही. तिचं गाठोडं मी उतरवलं!"

"हळू बोल गा," आनंदाबाई म्हणाली. "पाणी आताच वळलं."

"कोणतं पाणी?"

कौशल्याबाईने फोन मागून घेतला. "गोपीचंद, गाडी ने बापा. कागदावरचा समुद्र तुहा, तो तुले लखलाभ. माहा मले गावला. रामेश्वर मले पाहायचं हाय, ते मी रेल्वेनं पाहीन. तुह्या मागच्या काचेतून नाही."

फोन बंद करून तिने तो आनंदाबाईच्या हातात दिला. मग बोटावरचा दोरा उलगडला, वेढ्यामागून वेढा, आणि टोक सोडून दिले. चकती डुलत निघाली. पाण्याने तिला आधी मध्यावर घेतले, मग पलीकडच्या उजेडात. दोघी उभ्या राहून पाहत होत्या. ती दिसेनाशी झाल्यावरही त्या तशाच उभ्या होत्या.

"आता गावात कोणी म्हटलं का गोमाजी अडकला," आनंदाबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "तर मी सांगीन त्याले."

"तुमी कायले?" कौशल्याबाईने रिकामी पिशवी खांद्याला लावली. "मी हाय न."